अंगठ्याला बांधलेली चिंधी

तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम सुरू झाला की आमच्या भागातल्या बायका उजव्या अंगठ्याला चिंधी बांधून जंगलात जातात. नव्याने बदलून आलेला एखादा मास्तर किंवा फॉरेस्ट गार्ड हमखास विचारतो, सगळ्यांच्याच अंगठ्याला एकदम कसं लागलं म्हणून. लागलेलं कोणालाच नसतं. तो अंगठा बँकेसाठी राखून ठेवलेला असतो.

ही चिंधी मी बांधायला लावली. बँकेच्या कुठल्याही पत्रकात ती सापडणार नाही. मी बँकेची नोकरदारही नाही, बँकेची मित्र आहे. माझ्या गळ्यातल्या कार्डावरच तसं छापलं आहे, आणि मैत्री म्हटली की पगाराचं नाव काढायचं नसतं. व्यवहारामागे थोडं कमिशन मिळतं, त्यातलं बरंचसं स्कूटी पिऊन टाकते. शाखा अहेरीला, आमचं घरही अहेरीलाच, बाजाराच्या मागच्या गल्लीत. तिथे माझे अब्बा आयुष्यभर शिलाई मशीनवर वाकून बसले. मी आठवड्याचे बहुतेक दिवस आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या गावांत असते. पाठीवर पिशवी, पिशवीत अंगठ्याचं मशीन, साबणाची वडी, टॉवेल, गरम पाण्याचा थर्मास आणि लिंबाची फोड. लोकांना वाटतं ही बाई बँक चालवते की न्हाव्याचं दुकान.

हे काम मी का धरलं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे मोठं उत्तर नाही. अब्बांच्या दुकानासमोरच शाखेच्या पायऱ्या होत्या. जंगलातून पहाटे निघालेल्या म्हाताऱ्या दुपारी तिथे येऊन बसायच्या, आणि लिंक नाही, उद्या या, असं ऐकून संध्याकाळी परत जायच्या. उद्या म्हणजे पुन्हा तेवढंच चालणं. मी दुकानात काज-बटण करत बसलेली असायचे आणि मला ते बघवायचं नाही. समाजसेवा वगैरे शब्द माझ्या तोंडात बसत नाहीत. माझा स्वभावही सेवेचा नाही, भांडणाचा आहे. शाखेत जाऊन मी इतक्या वेळा भांडले की शेवटी तिथल्या साहेबांनी, एवढं वाटतं तर तुम्हीच जा त्यांच्याकडे, म्हणून मशीन माझ्या हातात दिलं. त्यांना वाटलं महिन्याभरात परत आणून देईल.

मशीन अंगठा ओळखतं आणि पैसे देतं, एवढंच त्याचं शिक्षण. पण इथले हात त्याला कुठले ठाऊक असणार. पानं खुडून, पुडे बांधून, मोहफुलं वेचून, बांबू सोलून अंगठ्याच्या रेषा पार झिजून जातात. एखादीचा अंगठा मशीनवर ठेवला की ते लाल दिवा दाखवतं, म्हणजे ही ती नाही. मग मी हात गरम पाण्याने धुते, साबण लावते, लिंबू चोळते, टॉवेलने कोरडा करते, स्वतःच्या तळहातात धरून ऊब देते. कधी हिरवा दिवा लागतो, कधी दहाही बोटं लावून लागत नाही. तेव्हा मी चिडते. मशीनवर चिडून उपयोग नसतो म्हणून बायकांवर चिडते. पुढच्या आठवडी बाजारापर्यंत या अंगठ्याने काम करायचं नाही, चिंधी बांधायची, चार बोटांनी काय करायचं ते करा, असं दरडावून सांगते. वर्षानुवर्षं एकच वाक्य त्यांच्या कानीकपाळी ओरडत आले, "अंगठा जपा. अंगठा हाये तवरिक पैसा तुमचा."

ज्या गावाचं मी सांगते आहे तिथे गावात रेंज नाही. रेंज आहे ती नाल्यावरच्या पुलावर, तीही अलीकडच्या टोकाला. म्हणून दर बाजाराच्या दिवशी मी पुलाच्या कठड्यावर बँक मांडते. बाजार तिथून दिसतो. बायका सकाळीच येतात, कठड्यावर एकेक दगड ओळीने ठेवतात आणि बाजाराला निघून जातात. तो दगड म्हणजे आपला नंबर. शहरात लोक रांगेत चप्पल ठेवतात, पण चप्पल ठेवली तर बाजार अनवाणी करावा लागतो, आणि कित्येकींकडे ठेवायला चप्पल नसतेच. दगडाला कोणी हात लावत नाही. मी पुढचा दगड उचलून हाक मारते, जिचा असेल ती येते.

सगळ्यात पुढे बहुतेक वेळा एकच दगड असायचा, लालसर, चपटा, भाकरीएवढा. तो एका म्हातारीचा. मी तिला बुढीबाई म्हणायचे, ती मला बँकबाई म्हणायची. बाकीच्या बायका हाताशी येईल तो दगड ठेवत; हिचा मात्र ठरलेला. काम झालं की ती तो पुलाखाली कपारीत लपवून ठेवायची आणि पुढच्या बाजाराला काढायची. एवढे दगड नाल्यात पडले असताना हाच काऊन, असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, दुसरा दगड ठेवला की मशीन मले वळखत नाई. मशीन तिला तसंही धुतल्या-चोळल्याशिवाय कधी ओळखायचं नाही, पण हे तिला कोण सांगणार.

ती माडिया आदिवासी होती. मराठी तोडकंमोडकं बोलायची, त्यात हिंदी मिसळायची, आणि राग आला की सरळ आपल्या भाषेत जायची. नवरा केव्हाच गेलेला. मुलगा नव्हता. एक मुलगी, ती नदीपलीकडे दुसऱ्या राज्यात दिलेली. म्हातारी एकटी राहायची, पानं तोडायची, मोहफुलं वेचायची, आणि निराधाराची पेन्शन यायची. खर्च तिला फारसा नव्हताच. साठवत होती ती एकाच गोष्टीसाठी. तिला स्वतःचा दगड उभा करायचा होता.

त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात. डोंगराच्या अंगाला असलेला मोठा उभट दगड निवडायचा, गावाने तो खांद्यावर वाहून आणायचा, पुरल्या जागी रोवायचा. आणि वाहणाऱ्यांना, सोयऱ्याधायऱ्यांना, आजूबाजूच्या गावांना जेवण घालायचं. खर्च दगडाचा नाही, जेवणाचा. ज्यांचे मुलगे असतात त्यांना ही चिंता नसते. हिच्या नवऱ्याचा दगड हिनेच एकटीने, कित्येक हंगाम पानं तोडून, उभा केला होता. आता त्याच्या शेजारची जागा तिने हेरून ठेवली होती. मला घेऊन जाऊन दाखवलीही होती, एखादी बाई बांधायच्या घराची जागा दाखवते तशी. दगड उभा नाही राहिला तर काय होते, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मेलेला मानूस घरचा नाई राहत, बाहेरचा नाई राहत. आंगनात उभा राहते. त्याले कोनी बस म्हनत नाई."

हे पैसे आधी ती छपराखालच्या एका जाड बांबूच्या पोकळीत ठेवायची. एका पावसाळ्यात वाळवीने बांबूसकट सगळं खाल्लं. मूठभर माती घेऊन ती पुलावर आली होती आणि मशीनला दाखवून म्हणाली होती, हे बदलून दे. त्या दिवशी मी तिला पुढचे पैसे बँकेत ठेवायला लावले. वाळवी इथे येत नाही, उंदीर येत नाही, चोर येत नाही, असं मी तिला शपथेवर सांगितलं, आणि ते खरंच होतं. तेव्हापासून ती दर बाजाराला यायची. पैसे काढायला नाही, विचारायला. तिचा नंबर आला की अंगठा लावायची, मशीनमधून निघालेली चिठ्ठी मी वाचून दाखवायचे, आणि ती मान डोलावून विचारायची, दगड झाला का? मी म्हणायचे, कमरेवरी झाला, बुढीबाई. पुढच्या वर्षी म्हणायचे, छातीवरी झाला. मागच्या बायका हसायच्या. ती हसायची नाही, पण खूश होऊन जायची.

ज्या वर्षी मी दगड डोक्याच्या वर गेला असं सांगितलं त्याच वर्षी, तेंदूच्या हंगामात, ती माझ्यासमोर उभी राहिली ती वेगळीच दिसत होती. डोळे आत गेलेले, पोट सुजलेलं. तिने चिठ्ठी मागितली नाही. सगळे पैसे काढून दे, म्हणाली. कशाला, तर आता लागतील म्हणून. तिला स्वतःचं कळलं होतं.

मी अंगठा मशीनवर ठेवला. लाल. धुतला, चोळला, पुसला. लाल. दुसरी बोटं लावली. लाल. तिने चिंधी बांधली होती, पण हंगामाची पानं हाकेच्या अंतरावर असताना चार बोटांनी काम करणं बोलायला सोपं. चिंधीही झिजली होती आणि अंगठाही. मी तिला म्हटलं, बस माझ्या गाडीवर, अहेरीला शाखेत नेते, तिथे साहेबांसमोर कागदावर अंगठा घेतील, आणि तुला दवाखान्यातही दाखवते. दवाखाना म्हटल्याबरोबर तिने मान हलवली. गाडीवरून पडलो तं दगड कोन ठेवीन, असं विचारलं. मी रागावले, ती रागावली, दोघी आपापल्या भाषेत ओरडलो. शेवटी मीच म्हटलं, ठीक आहे, आता पानं बंद. पुढच्या बाजारापर्यंत अंगठ्याला ओली चिंधी बांधून ठेव, मोहाचं तेल लाव, कशाला हात लावू नकोस. रेषा येतील. मी येतेच आहे.

तिने मला पुन्हा एकदा विचारलं, "येशीन ना?" मी म्हटलं, "नाई याले काय झालं मले."

पुढच्या बाजाराला मी पुलावर पोहोचले तेव्हा कठड्यावर एकही दगड नव्हता. असं कधी झालं नव्हतं. बाजारही अर्धाच भरलेला. पुलाच्या टोकाशी त्यांच्या गावचा गायता एकटा उभा होता. गायता म्हणजे गावाचा कर्ता माणूस, वयस्क, कमी बोलणारा. त्याने माझ्या पिशवीकडे बघितलं, मशीन आणलं आहे ना याची खात्री केली, आणि म्हणाला, "बाई, गावात चाला. बुढी गेली काल सकाळी. तुमचीच वाट पाहून राह्यलो."

मला आधी नीट कळलंच नाही. उन्हाळ्याचे दिवस, दगडाला हात लावला तर चटका बसेल असं ऊन, आणि काल सकाळी गेलेल्या माणसाला अजून माती दिली नाही? मी विचारलं तर म्हणाला, येणारे सगळे आल्याबिगर आम्ही माती नाई देत. मुलगी यायची असेल, असं मला वाटलं. तो म्हणाला, पोरगी काल सांजेलेच आली. तुमीच यायच्या होत्या.

आमच्यात मय्यत थांबवत नाहीत. अब्बा सकाळी गेले तर जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजपर्यंत ते कब्रस्तानात पोहोचले होते, नागपूरहून निघालेला माझा सख्खा काका रस्त्यातच राहिला. मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं म्हणजे त्याला त्रास देणं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. आणि इथे एक म्हातारी माझ्यासाठी ताटकळली होती. स्कूटी पुलावर सोडून मी गायत्याच्या मागे चालू लागले.

तिला अंगणात मोहाच्या झाडाखाली बाजेवर ठेवलं होतं. अंगावर ओली पोती, पोत्यांवर कडुलिंबाचा पाला, तरीही वास सुटला होता. सगळं गाव भोवती बसलेलं. उजवा हात तेवढा पोत्यांच्या बाहेर काढून लाकडी पाटावर ठेवला होता. अंगठ्याला नव्या कापडाची चिंधी होती. पाटाशी तिची मुलगी बसली होती आणि भोपळ्याच्या तुंब्यातून थेंब थेंब पाणी त्या चिंधीवर सोडत होती. रात्रभर तिने दुसरं काही केलं नव्हतं.

मी समोर बसले तेव्हा मुलगी म्हणाली, "आईनं सांगतलं होतं. चिंधी सुकू देऊ नको, बँकबाई येतवरिक."

गायता माझ्याजवळ वाकला. अंगठा चांगला हाये, म्हणाला. मागच्या बाजारापासून तिनं एक पान नाई तोडलं. पाणीबी दुसऱ्यानं पाजलं.

मी चिंधी सोडली. अंगठा पाण्याने फुगून पांढरा पडला होता, पण रेषा होत्या. इतक्या वर्षांत त्या अंगठ्यावर मी कधी एवढ्या स्पष्ट रेषा पाहिल्या नव्हत्या. मी सांगितलं तसं तिने सगळं केलं होतं. हे सगळं गाव, हा वास सहन करत, मी सांगितलं होतं तेच करत बसलं होतं. मला त्यांचा राग आला, मग तिचा आला, आणि मग कोणाचा येतो आहे तेच कळेना. एवढ्या वर्षांत मी त्यांना अंगठा धुवायला शिकवलं, राखायला शिकवलं, पण तो माणसाबरोबर मरतो हे सांगायचं राहून गेलं, कारण ते सांगावं लागेल असं कोणाच्या मनात येणार?

मी म्हटलं, मेलेल्या माणसाच्या अंगठ्यावर पैसे काढता येत नाहीत. मशीन घेत नाही, आणि घेतलं तरी तो गुन्हा आहे, माझाही आणि तुमचाही. आता हे पैसे तिच्या मुलीचे, पण त्याला कागद लागतील. मी हे माझ्या परीने सोपं करून सांगितलं, पुन्हा सांगितलं. एका बाईने ते त्यांच्या भाषेत सगळ्यांना सांगितलं. कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं.

गायत्याने त्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमीच म्हनत होत्या बाई, अंगठा हाये तवरिक पैसा आपला. अंगठा तं हाये."

कोणीतरी मागून म्हणालं, एक डाव लावून तं पाहा. सगळ्यांचे डोळे माझ्या पिशवीवर. मी पिशवीची चेन धरून बसून राहिले. मशीन नाही म्हणेल याची मला जवळजवळ खात्री होती. पण त्या मशीनचं काही खरं नसतं. चालत्याबोलत्या माणसाला ते ओळखत नाही, उद्या मेलेल्याला ओळखेल. आणि हिरवा दिवा लागला असता तर? तर त्याच आठवड्यात दगड उभा राहिला असता. अंगणात गाव जेवलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. मी मशीन काढलं नाही. त्या चेनवरून हात हलवला असता तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही, म्हणून मी हात हलवला नाही.

मग मी दुसरं केलं. थर्मास काढला, गरम पाणी ओतून तो हात धुतला. साबण लावला. आमच्या घरातल्या दोन-तीन बायकांना मी शेवटचं न्हाऊ घातलं आहे, मेलेल्या माणसाला धुताना पाणी जोरात टाकायचं नसतं हे मला माहीत होतं. एकेक बोट पुसलं. अंगठाही पुसला. मग हात पोत्याखाली तिच्या अंगाशी ठेवला आणि मुलीला म्हटलं, आता पाणी नको घालू. ती तुंबा धरून तशीच बसली. तिच्या हातातून मला तो काढून घ्यावा लागला.

माती दिली नवऱ्याच्या दगडाशेजारी, तिने हेरून ठेवलेल्या जागीच. मी लांब उभी होते. सगळं झाल्यावर गायत्याला बाजूला घेऊन म्हटलं, दगडाचा आणि जेवणाचा खर्च मी करते. मुलीचे कागद झाले की बघू. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी पोरकट बोलले आहे. तुमच्या पैशाचा दगड तुमचा होते बाई, म्हणाला, तिचा कसा होईन. मुलीकडे काही नव्हतं. आणि असतं तरी तिने दिलं नसतं, कारण म्हातारी तिला सांगून गेली होती की माझं मी ठेवलं आहे, तू काही करू नकोस.

त्या दिवशी मी घरी परत आले आणि अम्मीला सगळं सांगितलं. अम्मी आजारी असते, जास्त बोलत नाही. तसबीहचे मणी ओढत म्हणाली, मय्यतला वाट पाहायला लावलीस. मी म्हटलं, मी नाही लावली. ती म्हणाली, तुझीच पाहत होती ना. माझं जेवणाचं ताट तसंच राहिलं.

म्हातारी गेल्याचं शाखेत मीच कळवलं. ते माझं काम आहे. न कळवता राहिले असते तर पेन्शन येत राहिली असती आणि वरून कोणाला पत्ताही लागला नसता. कळवल्याबरोबर खातं गोठलं. साहेब नवे होते, तरुण, मनाने वाईट नाहीत. त्यांनी काय काय लागेल ते नीट समजावलं. मृत्यूचा दाखला लागेल. दाखल्यासाठी तिचं नाव ज्या ग्रामपंचायतीत आहे तिथे जावं लागेल. आणि मुलगी तिचीच आहे याचा पुरावा लागेल. मुलगी लहानपणी दिलेली, नदीपलीकडच्या राज्यातली, तिच्या साऱ्या कागदांवर नवऱ्याचं नाव. ती हिच्या पोटची आहे हे सारं गाव सांगेल, पण सांगून काय होतं, लिहिलेलं कुठेच नाही. वारस म्हणून नाव आधी का लावलं नव्हतं, असं साहेबांनी विचारलं. लावलं होतं. म्हातारीने नवऱ्याचं लावलं होतं, खातं काढलं त्याच दिवशी. तो मेलेला आहे, दुसऱ्याचं सांग, असं मी तिला तेव्हाच म्हटलं होतं. ती म्हणाली होती, मी मेल्यावर त्याच्याजवळच जाणार आहे, मग दुसरं कोणाचं सांगू? मी दर वर्षी पाठपुरावा करायचे, ती दर वर्षी तेच सांगायची.

साहेब हसले नाहीत. मी त्यांच्याशी भांडलेही नाही. पहिल्यांदाच मी त्या शाखेतून न भांडता बाहेर पडले.

पुढच्या बाजाराला पुलावर जायला मन घेत नव्हतं. कोणी येणार नाही असं धरून चालले होते. पण कठड्यावर दगड होते, नेहमीसारखे ओळीने. त्यांची पेन्शन, पानांचा बोनस, सगळं याच मशीनमधून निघतं, येणार नाहीत तर जातील कुठे? एवढंच की इतर गावांत बांधतात तशी चिंधी इथे कोणाच्याही अंगठ्याला नव्हती, आणि जिचा अंगठा लागेल ती शिल्लक काही न ठेवता सगळं काढून नेत होती. पुन्हा बांबू, पुन्हा वाळवी. मी कोणाला अडवलं नाही.

सगळ्यात पुढे तो लालसर चपटा दगड होता.

कोणी पुलाखालच्या कपारीतून काढून ठेवला ते मी विचारलं नाही. सवयीने तो उचलायला हात पुढे केला तर मागच्या बाईने माझं मनगट धरलं. "तिचं झालं का बाई?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाई झालं." तिने हात सोडला आणि म्हणाली, "मंग राहू द्या तिले." मी दुसरा दगड उचलला आणि हाक मारली.

तेव्हापासून दर बाजाराला तो तिथे असतो. पावसाळ्यात पूल बुडाला, कठड्यावरचं सगळं वाहून गेलं. पाणी ओसरल्यावरच्या पहिल्याच बाजाराला तो पुन्हा पुढे होता. तोच होता की तसा दुसरा शोधला होता, कोण जाणे. मुलीचे कागद अजून या कचेरीतून त्या कचेरीत फिरत आहेत, मी दर महिन्याला त्यांच्यामागे फिरते. म्हातारीच्या नावाने सध्या जगात एवढा एकच दगड आहे, आणि तोही उभा नाही, आडवा आहे.

मी पुलावर पोहोचले की बायका बोलायच्या थांबतात. मला आधी त्या दगडाशी बोलायचं असतं हे त्यांना माहीत आहे. मी पिशवी खाली ठेवते आणि सांगते, आजबी नाई झालं, बुढीबाई. मग दुसरीला बोलावते.